पायाखालचा काळा पाषाण : अग्निजन्य खडकांची ओळख

उच्च प्राथमिक इयत्तांच्या भूगोलात खडकांचा पाठ येतो. अग्निजन्य, गाळाचे व रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार विद्यार्थी पाठ करतात आणि प्रत्येक प्रकाराचे एकेक उदाहरणही बिनचूक सांगतात. परंतु वर्गतपासणीच्या वेळी, "तुमच्या शाळेचा उंबरठा कोणत्या प्रकारच्या दगडाचा आहे?" असा प्रश्न केला, तर बहुधा वर्ग शांत होतो. ग्रॅनाइटचे नाव ठाऊक असते, पण तो पाहिलेला नसतो. काळा दगड रोज पाहिलेला असतो, पण त्याचे नाव व कूळ ठाऊक नसते. हे अंतर नाहीसे करणे कठीण नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. हातोडा, खिळा, लोहचुंबक व पाण्याची बादली एवढे साहित्य पुरेसे आहे.

आपल्या सातारा जिल्ह्यात या पाठाला विशेष महत्त्व आहे. येथील शेतातील काळी माती, विहिरीचे पाणी, घराचा पाया, रस्त्याची खडी व घरातील पाटा-वरवंटा या सर्वांचा संबंध एकाच अग्निजन्य खडकाशी पोहोचतो. तेव्हा हा पाठ परीक्षेपुरता उरकण्याजोगा नाही. विहिरीसाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या जमिनीखाली काय आहे, हे कळलेच पाहिजे.

खडकाचा जन्म

भूपृष्ठाखाली पुष्कळ खोलीवर काही ठिकाणी खडक वितळून त्याचा तप्त रस होतो. त्यास शिलारस म्हणतात. त्यात पाण्याची वाफ व इतर वायूही विरघळलेले असतात. हा रस सभोवतालच्या घन खडकापेक्षा हलका असल्याने वर सरकू लागतो. वाटेत कोठे तो अडकून राहतो, कोठे भेगांत शिरतो, तर कोठे थेट भूपृष्ठावर येऊन वाहू लागतो. भूपृष्ठावर आलेल्या रसास लाव्हा म्हणतात. शिलारस किंवा लाव्हा निवून घट्ट झाला, म्हणजे जो खडक तयार होतो तो अग्निजन्य खडक होय.

येथे विद्यार्थ्यांच्या एका समजुतीकडे लक्ष द्यावे. ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा, तोंडातून धूर ओकणारा डोंगरच त्यांच्या डोळ्यांपुढे येतो. मग सह्याद्रीचे प्रत्येक शिखर त्यांना विझलेला ज्वालामुखी वाटू लागते. वस्तुतः आपल्याकडील लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला. त्याचे तापमान अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास होते, आणि त्यात सिलिकेचे प्रमाण निम्म्याच्या आसपासच असल्याने तो पातळ होता. म्हणून त्याचे शंकू न होता तो दूरवर पसरला. सह्याद्रीची आजची शिखरे पुढे पावसाने व नद्यांनी त्या थरांची झीज केल्यामुळे उरलेली आहेत.

निवण्याचा वेग व अग्निजन्य खडकांचे प्रकार

अग्निजन्य खडकांचे प्रकार समजण्यासाठी एकच गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, ती म्हणजे रस किती वेगाने निवला. हे सांगण्यास घरातील साखरेइतके उत्तम साधन नाही. साखरेचा दाट पाक दोरे सोडून दिवसेंदिवस स्वस्थ ठेवला, की खडीसाखरेचे मोठे, सपाट बाजूंचे खडे धरतात. तोच पाक त्वरेने निवला, तर डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक कण होतात. पाकात वायूचे बुडबुडे अडकून तो घट्ट झाला, की बत्तासा होतो. आणि चिक्कीचा पाक इतका झटकन थिजतो की त्यात कण धरतच नाहीत, तो काचेसारखा होतो. साखर एकच, पण निवण्याच्या रीतीप्रमाणे तिची रूपे चार. उपमा उपमेपुरतीच घ्यावी, कारण खडीसाखर द्रावणातून निघते आणि खडक वितळलेल्या रसातून होतो. परंतु संथपणे निवल्यास कण मोठे होतात, हा नियम दोन्हींकडे लागू पडतो.

या नियमानुसार अग्निजन्य खडकांचे तीन वर्ग होतात.

पहिला वर्ग पातालीय खडकांचा. शिलारस भूपृष्ठाखाली खोल अडकून राहिला, तर वरच्या खडकांच्या पांघरुणामुळे तो निवण्यास हजारो, कधी लाखो वर्षे लागतात. त्यामुळे खनिजांचे कण मोठे होतात व नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे दिसतात. ग्रॅनाइट व गॅब्रो हे या वर्गातील होत. ग्रॅनाइटमध्ये काचेसारखे दिसणारे क्वार्ट्‌झ, पांढरट किंवा गुलाबी फेल्स्पार व चकाकणारे अभ्रक ओळखू येतात.

दुसरा वर्ग ज्वालामुखीय खडकांचा. लाव्हा उघड्यावर लवकर निवतो, त्यामुळे कण अतिशय सूक्ष्म राहतात. बेसाल्ट हे याचे मुख्य उदाहरण. फिकट रंगाचा ऱ्हायोलाइट, बुडबुड्यांनी इतका भरलेला की पाण्यावर तरंगणारा प्यूमिस, आणि काचेसारखा ऑब्सिडियन हेही याच वर्गातील होत.

तिसरा वर्ग या दोहोंमधला. शिलारस भेगांत शिरून तेथेच थिजला, की भिंतीसारखे उभे पट्टे होतात. त्यांचे कण मध्यम आकाराचे असतात. डोलेराइट हा त्यातील प्रमुख खडक. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत अशा नैसर्गिक भिंती मैलोगणती पसरलेल्या दिसतात.

कणांप्रमाणे रंगही बोलका असतो. सिलिका अधिक असेल तर खडक बहुधा फिकट होतो. लोह व मॅग्नेशियम अधिक असेल तर तो काळसर व जड होतो. म्हणून ग्रॅनाइट व ऱ्हायोलाइट ही एका घटनेची, तर गॅब्रो व बेसाल्ट ही दुसऱ्या घटनेची भावंडे होत. त्यांच्यात फरक आहे तो जन्मस्थानाचा व निवण्याच्या वेगाचा.

आपल्या जिल्ह्याची घडण

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम व मध्य भारतात लाव्ह्याचे प्रचंड लोट एकामागून एक आले. त्यांतील बहुतेक लोट सुमारे दहा लाख वर्षांच्या अवधीत येऊन गेले. आज त्यांपासून झालेला बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे, व महाराष्ट्राच्या भूमीचे पाचांतील चार हिस्से त्यानेच व्यापले आहेत. या प्रदेशाला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून आला. वाईहून पसरणी घाट चढताना किंवा खंबाटकी घाटातून जाताना डोंगराच्या अंगावरील पायऱ्या पाहिल्या, म्हणजे हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही.

या पायऱ्यांचे कारण असे. प्रत्येक लोटाच्या मधल्या भागात खडक घट्ट व सलग असतो. माथ्याकडे वायूचे बुडबुडे गोळा झाल्याने तो सच्छिद्र व तुलनेने मऊ असतो. दोन लोटांमध्ये बराच काळ गेला असेल, तर मधे लाल मातीचा पट्टाही सापडतो. घट्ट भाग झिजत नाही, त्याचा कडा उभा राहतो. मऊ भाग झिजून त्याचा उतार होतो. अजिंक्यतारा व सज्जनगड यांचे नैसर्गिक तट म्हणजे असेच घट्ट थर होत. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली, ती याच खडकात.

ग्रॅनाइट पाहावयाचा तर चंद्रपूर, गडचिरोली किंवा नांदेडच्या देगलूर भागात जावे लागते, असे आपण सांगतो. भूपृष्ठापुरते ते खरेच आहे. परंतु आपल्या पायांखालीही ग्रॅनाइट आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा मोठा भूकंप झाला. त्या परिसरात पुढेही धक्के बसत राहिल्याने त्यांच्या अभ्यासासाठी जमिनीत खोल वेध घेण्यात आले. कोयनानगरजवळ रासाटी येथे सुमारे ९३० मीटर बेसाल्ट भेदल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. गोठणे येथे २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोलीपर्यंत वेध घेण्यात आला. तेथे बेसाल्टची जाडी सुमारे १,२५० मीटर भरली व त्याखाली पुन्हा ग्रॅनाइटी खडकच मिळाला. तो अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. या कामासाठी केंद्र शासनाच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराड येथे आहे. म्हणजे पुस्तकातील ज्वालामुखीय व पातालीय हे दोन्ही वर्ग आपल्याच जिल्ह्यात एकावर एक रचलेले आहेत. फळ्यावर एक उभी आकृती काढून हे दाखविल्यास विद्यार्थी ते विसरणार नाहीत.

ओळखण्याच्या कसोट्या

प्रथमतः दगड फोडून त्याची ताजी बाजू पाहावी. ऊनपावसाने दगडावर तपकिरी साल चढते, कारण त्यातील लोह गंजते. आतून मात्र बेसाल्ट निळसर काळा किंवा करडा असतो. फोडण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे, दगडावर गोणपाट टाकून फोडावा व मुलांना दूर उभे करावे.

दुसरी कसोटी कणांची. उन्हात दगड फिरवून पाहावा. कण वेगवेगळे दिसतात की नाही, ते एकमेकांत गुंतलेले आहेत की वाळूप्रमाणे जोडलेले आहेत, थर किंवा शिंपले आहेत काय, हे पाहावे. गुंतलेले कण, थरांचा व जीवाश्मांचा अभाव ही अग्निजन्य खडकाची सामान्य लक्षणे होत.

तिसरी कसोटी वजनाची. काठोकाठ भरलेल्या भांड्यात दोरीने बांधलेला दगड बुडवावा व सांडलेले पाणी मोजावे. १ किलो वजनाचा घट्ट बेसाल्ट सुमारे ३४० ते ३६० मिलिलिटर पाणी सांडतो. तेवढ्याच वजनाचा ग्रॅनाइट सुमारे ३७० ते ३८५ मिलिलिटर पाणी सांडतो. गणिताच्या तासाला हा प्रयोग घेतल्यास दोन विषय एकदम साधतात.

चौथी कसोटी लोहचुंबकाची. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण असतात. दगडाची बारीक पूड केल्यास तिचे काही कण चुंबकाला चिकटतात. नदीच्या कोरड्या वाळूतून चुंबक फिरविला, तर त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. तो आपल्याच डोंगराचा चुरा होय, हे मुलांना सांगावे.

पाचवी कसोटी पोकळ्यांतील खनिजांची. सच्छिद्र बेसाल्टच्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे साचतात. त्यांना मुले सरसकट 'गारगोटी' म्हणतात. परंतु काचेवर ओरखडा उमटला तरच ती खरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झच्या जातीची. खिळ्याने सहज ओरखडत असेल व त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकल्यावर बारीक फेस येत असेल, तर ते कॅल्साइट. फेस येत नाही व काचेवर ओरखडाही उमटत नाही असे मोत्यासारख्या चकाकीचे पांढरे, कधी किंचित गुलाबी स्फटिक बहुधा झिओलाइट गटाचे असतात. ओरखड्याचा प्रयोग जाड काचेच्या बाटलीवर करावा, फुटक्या तुकड्यावर करू नये.

फसवे दगड

पाचगणीचे पठार व कासचे पठार यांवर जांभा आहे. तो सच्छिद्र व तांबडा दिसतो म्हणून कोणी त्यास लाव्ह्याचा दगड समजतात. तसे नाही. अतिवृष्टीच्या प्रदेशात बेसाल्टचे दीर्घकाळ अपक्षरण होऊन त्यातील सिलिका वाहून गेली, लोह व अॅल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली, आणि त्यांचा जांभा झाला. बेसाल्टच्या पोकळ्या सामान्यतः गोल किंवा लांबट व नीट कडांच्या असतात, तर जांभ्याची भोके वेडीवाकडी, मातीने भरलेली असतात. जांभा हाताला माती लावतो, बेसाल्ट लावीत नाही.

वीटभट्टीतील खंगर व लोखंडाचे कीट हेही लाव्ह्यासारखे दिसतात. तो माणसाने घडविलेला 'अग्निजन्य' पदार्थ आहे, असे सांगून त्याचा तुलनेसाठी उपयोग करावा. बाजारात ओट्यासाठी मिळणारा 'काळा ग्रॅनाइट' हाही पुष्कळदा खरा ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. व्यापारात घासून चकाकी येणाऱ्या अनेक कठीण दगडांना ग्रॅनाइटच म्हणतात.

आणखी एक गैरसमज बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी आहे. ते ज्वालामुखीचे मुख नव्हे. तयार झालेल्या बेसाल्टवर पुढे अशनी आदळून ते विवर झाले आहे.

नित्याचे उपयोग

काळा पाषाण कठीण, जड व झिजेला टिकणारा आहे. म्हणून जाते, पाटा, वरवंटा, उखळ व खल यांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की टाकी लावून पुन्हा खरबरीत करावा लागतो, हे जुन्या घरांतील सर्वांना ठाऊक आहे. रस्त्यांची व रेल्वेमार्गाची खडी याच दगडाची. नदीच्या वाळूऐवजी बांधकामात आता जो दगडाचा चुरा वापरतात, तोही याच दगडाचा. कोयना धरणाच्या भिंतीत हाच पाषाण आहे. लिंब येथील बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविली. तिच्या घडीव दगडांचे सांधे पाहण्यास सहल न्यावी. पाथरवटाला वर्गात बोलावून तो दगड कसा निवडतो, ठोकल्यावर कोणता आवाज चांगला मानतो, हे त्याच्याच तोंडून ऐकवावे.

याहून मोठा उपयोग मातीचा. बेसाल्ट प्रथम भेगाळतो, मग कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्याची साले सुटतात, पुढे मुरूम होतो व शेवटी माती होते. रस्त्याच्या ताज्या खोदाईत हा सारा क्रम एका दृष्टीत दिसतो. ओल धरून ठेवणारी काळी जमीन ही याच पाषाणाची देणगी आहे.

विहीर व खडकाची नोंदवही

घट्ट बेसाल्टच्या अंगात पाणी मुरत नाही. ते साठते ते मुरमात, खडकाच्या भेगांत, सच्छिद्र थरात व दोन लोटांच्या सांध्याशी. सच्छिद्र थराच्या पोकळ्याही खनिजांनी भरून बंद झाल्या असतील, तर तेथे पाणी थोडेच मिळते. म्हणूनच एकाच शिवारात एका विहिरीला पाणी लागते व शेजारची कोरडी जाते. त्यात दैव शोधण्याचे कारण नाही. थर बदलला एवढाच त्याचा अर्थ. शिक्षकाने पाण्याची जागा सांगण्याच्या फंदात पडू नये. ते काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तज्ज्ञांचे आहे. परंतु शाळा एक मोलाचे काम निश्चित करू शकते.

नवी विहीर खोदली जाते तेव्हा जमिनीखालचे थर काही दिवसच उघडे दिसतात. बांधकाम चढले व पाणी भरले, की ते दृष्टीआड होतात आणि गावाच्या स्मरणातूनही जातात. तेव्हा प्रत्येक शाळेने 'गावच्या खडकाची नोंदवही' ठेवावी. तीत विहिरीचे ठिकाण, खोदाईचा महिना व वर्ष लिहावे. माती किती फुटांपर्यंत, मुरूम कोठपर्यंत, घट्ट काळा दगड किती, सच्छिद्र दगड कोठे, लाल पट्टा लागला काय, पाणी कोणत्या थरात व किती फुटांवर लागले, आणि उन्हाळ्यात ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकले, याचे रकाने करावेत. प्रत्येक थराचा मुठीएवढा नमुना खोदणाऱ्यांकडून मागून घ्यावा व त्यावर क्रमांक घालावा. पाच-सात विहिरींच्या नोंदी जमल्या, की विद्यार्थी त्या एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडू शकतील. विहिरींच्या काठांची उंची वेगवेगळी असेल, तर तेवढा फरक मांडणीत धरावा. मग एकच थर निरनिराळ्या शेतांखालून कसा गेला आहे, हे त्यांना आपोआप दिसेल. पुढे विहीर खोदू इच्छिणारा शेतकरी, ग्रामपंचायत व तज्ज्ञ या सर्वांना ही वही उपयोगी पडेल.

या कामी एक दक्षता अपरिहार्य आहे. विद्यार्थ्यांना खोदकाम चालू असलेल्या विहिरीच्या काठी किंवा सुरुंग लावीत असलेल्या खाणीजवळ नेऊ नये. पडीक खाणींत पावसाचे पाणी साचते. त्यांच्या कडा उभ्या असल्याने पोहता येणारा मुलगाही बाहेर येऊ शकत नाही. अशा खाणी गावात कोठे आहेत, हे नोंदवहीच्या पहिल्या पानावरच लिहावे व प्रत्येक पावसाळ्याच्या आरंभी वर्गात वाचून दाखवावे.

वर्गात करावयाचे काम

१. शाळेच्या परिसरातील दहा दगड जमवून वरील कसोट्यांनी त्यांचे गट पाडावेत. न ओळखलेल्या दगडांचा गट वेगळा ठेवावा. त्यांना घाईने नावे देऊ नयेत.

२. तुरटीचे गरम व दाट द्रावण दोन वाट्यांत शिक्षकाने ओतावे. एक वाटी कापडात गुंडाळून रात्रभर ठेवावी, दुसरी थंड पाण्यात ठेवून ढवळावी. दोन्हींतील स्फटिकांच्या आकारांची तुलना करावी.

३. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील दगडाच्या वस्तूंची यादी करावी, व त्या कोठून आल्या हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे.

४. गावाजवळच्या डोंगराचे चित्र काढून त्यातील कडे व उतार मोजावेत आणि लाव्ह्याचे निदान किती थर असावेत, याचा अंदाज करावा.

या चार कामांस दोन आठवडे पुरतात. नोंदवही मात्र दरवर्षी पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. शिक्षकाची बदली झाली तरी ती शाळेतच राहावी, म्हणून जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिचा उल्लेख अवश्य करावा.